शिकलेली कळकळ

मनातील भाव खरा असेल, तर तो व्यक्त करण्याची रीत मुद्दाम शिकावी लागते काय? आणि शिकून, घोटून, शेकडो वेळा गिरवून जी कळकळ स्वरात उतरते, तिला कळकळ म्हणावे की कारागिरी? हा प्रश्न जुना आहे. तत्त्वज्ञांनी तो नटाच्या संदर्भात विचारला, संगीतकारांनी गायकाच्या संदर्भात, आणि आपण श्रद्धावंत लोक तो प्रार्थनेच्या संदर्भात मनातल्या मनात विचारीत असतो. या लेखात तो प्रश्न एका अगदी लहानशा जागी तपासून पाहावा असा विचार आहे. ती जागा म्हणजे इलेक्ट्रिक गिटारीवरील एक स्वर, आणि त्या स्वराला दिला जाणारा 'व्हायब्राटो' नावाचा कंप.

वाचकांपैकी ज्यांना या वाद्याचा परिचय नाही, त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. व्हायब्राटो म्हणजे धरून ठेवलेला स्वर किंचित वर-खाली हेलकावत ठेवणे. आपल्या संगीतात याचे नातेवाईक पुष्कळ आहेत. दरबारी कानड्यातील कोमल गंधार ज्यांनी ऐकला आहे, त्यांना आंदोलन म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. सतारीवर पडद्यावरची तार आडवी ओढून मींड काढतात. गिटारवादकही तेच करतो. तार आडवी ओढली की तिच्यावरील ताण वाढतो, ताण वाढला की स्वर चढतो, आणि तार सोडली की स्वर मूळ जागी येतो. ही ओढ आणि ही परत नियमित झाली की व्हायब्राटो तयार होतो.

इलेक्ट्रिक गिटारीवर ही गोष्ट विशेष खुलते, त्याला कारण आहे. तिच्या तारा पोलादी व बारीक असतात. पहिली तार जेमतेम पाव मिलिमीटर जाडीची. तारांखाली लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे बसविलेले असते. तार हलली की त्या वेटोळ्यात सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि ध्वनिवर्धक तो मोठा करतो. साध्या गिटारीवर स्वर लवकर विझतो. इथे तो रेंगाळतो. रेंगाळणाऱ्या स्वराचे काय करायचे, हा प्रश्न वादकापुढे उभा राहतो. स्वर नुसता सरळ धरला तर तो कित्येकदा यंत्राच्या भोंग्यासारखा वाटतो. योग्य कंप दिला, तर तोच स्वर माणसाच्या कंठातून आल्यासारखा वाटतो.

या वाद्याला असा कंठ देणाऱ्यांमध्ये बी. बी. किंग यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. त्यांचा जन्म 1925 साली अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात, कापसाच्या शेतात राबणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. गिटारीवरील पहिले धडे त्यांना एका पेंटेकॉस्टल मंडळीच्या पाळकांकडून मिळाले. पुढे 1946 मध्ये ते मेम्फिस शहरी गेले व आईच्या नात्यातील बुका व्हाइट या वादकाजवळ राहिले. बुका व्हाइट तारांवरून धातूची नळी सरकवून वाजवीत आणि त्यातून रडल्यासारखा, थरथरता सूर निघे. तरुण किंग यांना तो सूर हवा होता, पण नळीचे तंत्र त्यांच्या बोटांना काही केल्या साधेना. तेव्हा नुसत्या बोटाने तार दाबून, अंगठा दांडीपासून सोडवून, सगळा पंजा फुलपाखराच्या पंखासारखा फडफडवीत त्यांनी तो थरथरता सूर शोधला. 2015 मध्ये ते निवर्तले. परंतु त्यांचा एकच स्वर ऐकून 'हे किंगच' असे ओळखणारे श्रोते आजही जगभर आहेत. लक्षात घ्यावे, की ज्याला आपण त्यांचा स्वतःचा आवाज म्हणतो, तो दुसऱ्याच्या आवाजाचे अनुकरण करण्याच्या दीर्घ प्रयत्नातून आला आहे.

आता विद्यार्थी हे कसे शिकतो ते पाहू. यात भावनेला सुरुवातीला जागाच नसते. प्रथम तो एका पडद्यावरचा स्वर वाजवून ऐकतो. मग एक-दोन पडदे मागे जाऊन, तिथून तार ओढून, नेमका तोच स्वर काढू पाहतो. तार कमी ओढली तर स्वर बेसूर. जास्त ओढली तरी बेसूर. अनामिकेने तार दाबायची, मधले बोट व तर्जनी तिच्या मागे आधाराला ठेवायची, आणि बोटांच्या जोराऐवजी दाराची मूठ फिरवावी तसे मनगट फिरवायचे. नंतर ठेका देणारे यंत्र मिनिटाला साठ ठोक्यांवर लावून एका ठोक्यात एक हेलकावा, मग दोन, मग तीन, मग चार. प्रत्येक हेलकावा सारख्या रुंदीचा हवा, आणि प्रत्येक वेळी तार मूळ स्वरावर पूर्णपणे परतली पाहिजे. बोटांच्या टोकांना घट्टे पडेपर्यंत, आठवड्यांमागून आठवडे, हेच चालते.

माझ्या ओळखीच्या एका घरात असा सराव चालू असे. एकच स्वर, तासभर, कण्हल्यासारखा. त्या मुलाच्या आजींनी एक दिवस त्याला विचारले, "अरे, रडायचा सराव करतोस की काय?" घरातील सर्वजण हसले. मला मात्र आजींचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटला नाही. रडू खरे असेल तर त्याचा सराव कशाला? आणि सराव करून आलेले रडू खरे कसे?

या शंकेला प्रतिष्ठित पूर्वज आहेत. लिओपोल्ड मोझार्ट यांनी 1756 साली व्हायोलिनवादनाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात ते म्हणतात की हा कंप निसर्गातूनच आलेला आहे. घंटा वाजल्यावर तिचा नाद जसा हेलकावत राहतो, तसाच हा. असे सांगून ते पुढे त्या नैसर्गिक गोष्टीचे धडे देतात: संथ कंप, वाढत जाणारा कंप आणि जलद कंप. त्याच वेळी, प्रत्येक स्वर थरथरविणाऱ्या वादकांना कायमचा हिवताप भरला आहे की काय, अशा आशयाची थट्टाही करतात. त्यांचे थोर पुत्र वोल्फगांग यांनी 1778 च्या जून महिन्यात पॅरिसहून याच पित्याला लिहिलेल्या पत्रात एका गायकाविषयी तक्रार केली आहे. तिचा आशय असा की मानवी आवाज आपोआप थरथरतो व तेवढी थरथर सुंदर असते. पण मुद्दाम मर्यादेबाहेर थरथरविला की ते निसर्गविरुद्ध होते. पुढे विसाव्या शतकात, 1930 च्या दशकात, अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात कार्ल सीशोर यांनी नामांकित गायकांचे स्वर यंत्राने मोजले. कंपाचा वेग सेकंदाला सहा-सातच्या आसपास आढळला, आणि स्वराची हालचाल सुमारे अर्ध्या स्वराइतकी मोठी. असे असूनही ऐकणाऱ्याला मात्र एकच, स्थिर, समृद्ध स्वर ऐकू येतो.

दुसऱ्या बाजूला फ्रेंच विचारवंत दिदरो यांचे मत ठेवावे लागेल. नटाविषयीचा त्यांचा प्रसिद्ध संवाद त्यांच्या मृत्यूनंतर, 1830 साली छापला गेला. त्यांचे म्हणणे असे, की श्रेष्ठ नट प्रेक्षकांना रडवितो, पण स्वतः आतून थंड असतो. थंड असतो म्हणूनच तो दररोज तितकेच उत्तम रडू शकतो. हे जर खरे असेल तर आजींची शंका सिद्धच झाली. कौशल्य जितके मोठे, तितका अंतःकरणाचा सहभाग कमी.

परंतु या प्रश्नाकडे वळताना पवित्र शास्त्राची पाने उघडली, की एक आश्चर्य आपली वाट पाहत असते. यिर्मयाच्या नवव्या अध्यायात, यरुशलेमेवर येऊ घातलेल्या नाशाच्या छायेत, विलाप करणाऱ्या स्त्रियांना बोलावणे पाठविले जाते. या धंदेवाईक स्त्रिया होत. त्यांच्यासाठी इब्री भाषेत जो शब्द आहे, तो 'शहाण्या' या अर्थाचा आहे. सुताराच्या वा विणकराच्या हातातील कसबालाही इब्री भाषा तोच शब्द लावते. इतकेच नव्हे, त्या स्त्रियांनी आपल्या मुलींना शोक करण्यास शिकवावे, शेजारणीने शेजारणीला विलापगीत शिकवावे, असे तिथे परमेश्वराच्या नावाने सांगितले आहे. म्हणजे आजींच्या प्रश्नाला यिर्मयाचे उत्तर "होय, रडण्याचाही सराव असतो" असेच आहे. कशासाठी, तेही तिथेच स्पष्ट होते: इतरांच्या डोळ्यांतून आसवे वाहावीत म्हणून. लोकांचे दुःख इतके मोठे आहे की ते गोठून गेले आहे. ज्यांना शोकाची भाषा येते, त्यांनी ती भाषा ज्यांना येत नाही त्यांना उसनी द्यायची आहे.

आणि तरीही मत्तयाच्या नवव्या अध्यायात आपल्याला त्याच धंद्यातील माणसे अगदी निराळ्या प्रकाशात दिसतात. अधिकाऱ्याची मुलगी मरण पावली आहे. घरात पावा वाजविणारे आणि आकांत करणारा जमाव आहे. मुलगी झोपी गेली आहे असे प्रभू येशू म्हणताच तीच मंडळी त्याला हसू लागतात. क्षणापूर्वी आकांत, क्षणानंतर हसू! प्रभू त्यांना बाहेर घालवितो. यिर्मयाच्या स्त्रिया आणि मत्तयाचे पावेवाले यांच्यात कौशल्याचा फरक नव्हता. एकांचे कसब दुःखिताच्या सेवेला लागले होते. दुसऱ्यांचे कसब दुःखापासून इतके सुटे झाले होते की ते पालटायला क्षणही लागला नाही.

ढोंग्यांसाठी ग्रीक नव्या करारात जो शब्द वारंवार येतो, तो मुळात रंगभूमीवरील नटाचा शब्द आहे, हे पुष्कळ वाचकांना ठाऊक असेल. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात दान, प्रार्थना व उपास या तिन्ही ठिकाणी तो आला आहे. यावरून घाईने असा निष्कर्ष काढला जातो, की जे शिकून, ठरवून, घोटून केले ते नाटकी आणि जे उत्स्फूर्त ते खरे. पण त्याच अध्यायात, त्या नटांना ताडन केल्यानंतर लगेच, प्रभूने शिष्यांना शब्दशः शिकण्याजोगी प्रार्थना दिली आहे! शिकलेले शब्द त्याला खटकत नव्हते. माणसांनी पाहावे म्हणून केलेले त्याला खटकत होते. नाटकीपणाचे मूळ सरावात नाही; आपण कोणाकडे पाहत वाजवितो, यात ते आहे.

भाषांतराच्या कामात असताना दोन वचने शेजारी ठेवण्याचा योग आला, त्याचा उल्लेख येथे करणे उचित होईल. तेहतिसाव्या स्तोत्राच्या तिसऱ्या वचनात वादकांना कौशल्याने वाजविण्यास सांगितले आहे. तेथे इब्रीत 'चांगले करणे' या अर्थाचे जे क्रियापद आहे, तेच यशयाच्या पहिल्या अध्यायाच्या सतराव्या वचनात येते. तेथे दुष्टपणा सोडलेल्या माणसाला चांगले करणे शिकण्याची आज्ञा आहे. मराठीत एका ठिकाणी 'कौशल्य' व दुसऱ्या ठिकाणी 'चांगुलपणा' असे दोन वेगळे शब्द येतात, आणि ते अपरिहार्यही आहे. पण इब्री वाचकाच्या कानावर दोन्हीकडे एकच क्रियापद पडते. शिवाय यशया नुसते चांगले करा म्हणून थांबत नाही. ते शिका म्हणतो. अनाथाला न्याय देणे, विधवेचा कैवार घेणे या गोष्टी आपोआप सुचत नाहीत. त्यांचीही बोटे वळवावी लागतात.

ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल यांनी ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात जवळजवळ हीच गोष्ट आपल्या नीतिशास्त्रात मांडली. घर बांधून माणूस गवंडी होतो, किथारा वाजवून वादक होतो. त्याचप्रमाणे न्यायाची कृत्ये करून न्यायी होतो. गिटार हा शब्द त्या किथारा शब्दाचाच दूरचा वंशज आहे. ॲरिस्टॉटल आणखी एक सावधगिरीचा मुद्दा सांगतात: वाजवूनच चांगले वादक घडतात आणि वाजवूनच वाईट वादकही घडतात. सराव स्वतः निर्दोष नाही. तो जे गिरविले तेच पक्के करतो. म्हणून सरावाने भाव खोटा होतो काय, असे न विचारता, आपण नेमके काय गिरवीत आहोत, असे विचारावे.

इथे पुन्हा त्या एका स्वराकडे वळू. चांगला शिक्षक विद्यार्थ्याला व्हायब्राटो शिकविताना ज्या गोष्टी वारंवार बजावतो, त्यांत या प्रश्नाचे बरेचसे उत्तर सामावलेले आहे असे मला वाटते.

पहिली गोष्ट अशी, की आधी स्वर खरा हवा. कंप ही बेसूर स्वरावर घालायची शाल नव्हे. कच्चा वादक ओढलेली तार योग्य जागी पोहोचली की नाही याची खात्री नसल्यामुळे लगेच ती थरथरवितो, म्हणजे चूक ऐकू येऊ नये. आपल्या बोलण्यातही असे घडते. जे सांगायचे ते नीट ठाऊक नसले, की आवाजात कंप येतो, डोळे मिटले जातात आणि विशेषणे वाढतात. पौलाने करिंथकरांस लिहिताना पाव्याचा व वीणेचा दाखला दिला आहे: स्वरांत भेद स्पष्ट नसेल तर काय वाजविले ते कोणाला कळावे? तेथील वीणेसाठी ग्रीक शब्द किथाराच आहे. भावनेपूर्वी स्पष्टता, असा हा क्रम आहे.

दुसरी गोष्ट परतण्याची. व्हायोलिनवर पडदे नसतात, त्यामुळे बोट मूळ स्वराच्या दोन्ही बाजूंना डुलू शकते. गिटारीवर मात्र तार आडवी ओढली की स्वर फक्त वर जातो. खालची हद्द पडद्याने कायमची ठरविलेली असते. म्हणून प्रत्येक हेलकाव्यात हाताला त्या पडद्याच्या स्वराकडे पूर्ण परतावे लागते. अर्धवट परतणारा हात स्वराला हळूहळू चढवीत नेतो आणि वादकाला ते कळतही नाही. भावनेचे असेच आहे. तिने दूर जावे, पण ज्या सत्यावरून ती निघाली त्यावर प्रत्येक वेळी परत टेकावे.

तिसरी गोष्ट विवेकाची. प्रत्येक स्वराला कंप द्यायचा नसतो. येथे एक गमतीदार दाखला आहे. फेंडर कंपनीने 1954 मध्ये आणलेल्या स्ट्रॅटोकास्टर गिटारीवर स्वर वर-खाली करणारी एक दांडी होती. तिला त्यांनी 'ट्रेमोलो' म्हटले. आणि आपल्या ध्वनिवर्धकांवर आवाज लहान-मोठा करणारी जी सोय दिली, तिला 'व्हायब्राटो' म्हटले. वास्तविक नावे नेमकी उलट हवी होती. ते असो, त्या ध्वनिवर्धकाची कळ दाबली, की जो स्वर येईल तो त्याच वेगाने थरथरतो. आनंदाचा स्वर आला तरी तीच थरथर, शोकाचा आला तरी तीच. कधी कधी ते कानाला गोडही लागते, पण त्या थरथरीला आपण कोणाची कळकळ म्हणत नाही. त्या यंत्रात भावना नाही एवढेच कारण नव्हे. त्यात निवड नाही, ते ऐकत नाही, हे अधिक मोठे कारण आहे. उलट, जाणता वादक स्वर आधी सरळ धरतो, तो काय मागतो ते ऐकतो, आणि मग गरज असली तरच मनगट हलवितो. हा जो मधला, न हललेला क्षण आहे, तो कोणत्याही सरावपुस्तकात पूर्णपणे लिहून देता येत नाही. सरावाने हात मोकळा होतो. हात मोकळा झाल्यामुळे लक्ष मोकळे होते. आणि ते मोकळे लक्ष ऐकण्याकडे लावायचे की स्वतःच्या हाताचे कौतुक करण्याकडे, हे वादकाने ठरवायचे असते.

दिदरो यांच्या थंड नटाला माझे उत्तर याच ठिकाणी आहे. वाजविताना वादकाच्या मनात दुःखाचा कल्लोळ नसतो, हे पुष्कळदा खरे असेल. कल्लोळात हात चालतच नाहीत. पण कल्लोळ नसणे म्हणजे आतून रिकामे असणे नव्हे. नव्याने कामाला लागलेली परिचारिका जखम पाहून कासावीस होते. अनुभवी परिचारिकेचे हात शांत असतात. त्या शांत हातांना कोणी निर्दय म्हणत नाही. तिची करुणा हातांत उतरली आहे. शिकलेली कळकळ ही अशी, भावनेने हातांत केलेले घर आहे. घर रिकामे पडू शकते, हे मान्यच करावे लागेल; पावेवाल्यांचे पडले होते. पण घरच बांधले नाही तर भावना येऊन राहणार कोठे?

वाचकहो, आपल्यापैकी थोडेच जण गिटार हाती घेतील. पण शोकाच्या घरी जावे लागत नाही असा कोण आहे? आजाऱ्याच्या उशाशी बसणे, अपमानित माणसाशी बोलणे, सर्वांदेखत प्रार्थना करणे हे सगळे प्रसंग आपल्याकडे एक स्वर मागतात. अशा वेळी "मला मनापासून वाटते, तेवढे पुरे" असे म्हणून आपण स्वतःला सोडवून घेतो आणि अनेकदा दुःखिताला आपल्या अडखळत्या शब्दांनी अधिकच दुखावितो. उलट काही जण इतके तयार झालेले असतात की प्रत्येक मृत्यूच्या प्रसंगी त्यांचा गळा त्याच जागी भरून येतो. पहिल्यांनी शिकायला हवे. दुसऱ्यांनी ऐकायला हवे. ईयोबाचे मित्र त्याच्याजवळ सात दिवस व सात रात्री जमिनीवर बसले व कोणी एक शब्द बोलला नाही. पुढे त्यांनी जी लांबलचक भाषणे केली, त्यांत वक्तृत्व पुष्कळ होते. पण ईयोबाला त्यांची खरी सोबत मिळाली ती त्या सात दिवसांत.

ज्याला कंप देता येतो, त्यानेच स्वर सरळ धरण्याचेही कसब कमवावे. आणि ज्याला अजून काहीच येत नाही, त्याने संकोच न बाळगता गिरविण्यास बसावे. शेजारच्या खोलीतील कोणी हसले, तरी हरकत नाही.